टोमॅटोची मर कांद्यात उतरली का? निफाडच्या एका रानाचं प्रकरण

दोन अहवाल, एकाच खासगी प्रयोगशाळेचे. पहिला ऑक्टोबरचा, मर (झाड सुकवून मारणारा रोग) लागलेल्या टोमॅटोच्या झाडाचा. दुसरा मार्चचा, बूड कुजलेल्या कांद्याचा. रान एकच, निफाड तालुक्यातलं, टोमॅटो पिंपळगाव बसवंतच्या आणि कांदा लासलगावच्या बाजारात घालणारं. दोन्ही अहवालांत बुरशीच्या रकान्यात नाव छापलेलं होतं तेही एकच: फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम.

शेतकऱ्याने यावरून जो अर्थ काढला तो कुणीही काढला असता. टोमॅटोची मर जमिनीत राहिली, जानेवारीत त्याच जमिनीत उन्हाळ कांद्याची लागवड झाली आणि मर कांद्यात उतरली. "सर, रान नासलं. आता टोमॅटो बंद." हे त्यांचं पहिलं वाक्य. टोमॅटो बंद करणं ही काही लहान गोष्ट नव्हती. बांबू, तार, मल्चिंग, ठिबक यांत पैसा अडकलेला, आणि पावसाळ्याच्या शेवटी टोमॅटोचे जे पैसे हातात येतात त्यातूनच कांदा लागणीची मजुरी निघते. टोमॅटो गेला तर कांद्याचं भांडवलही उसनवारीवर जाणार. दुसरा निर्णय तर त्यांनी अमलातही आणला होता: कृषी सेवा केंद्रातून बुरशीनाशक आणून उभ्या कांद्यात आळवणी, म्हणजे मुळाशी औषधाचं पाणी ओतणं.

अहवालातल्या नावावर माझा आक्षेप नव्हता. ते बरोबर होतं. त्या नावावरून एवढा मोठा निर्णय घेता येतो का, इतकाच प्रश्न होता. या प्रकरणात आम्ही एकाही बुरशीचा जनुकसंच (जीनोम, म्हणजे तिचा सगळा डीएनए) वाचला नाही. पण जगात इतरांनी फ्युजेरियमच्या भावकीतल्या बुरशांचे जनुकसंच शेजारी शेजारी ठेवून जे शोधलं आहे, ते ठाऊक नसतं तर काय तपासायचं हेच कळलं नसतं.

रानात काय दिसलं

मार्चअखेर कांदा पोसायला लागलेला होता. पात शेंड्याकडून पिवळी पडून खाली येत होती. पिवळं झाड नुसतं ओढलं तरी हातात येत होतं, कारण त्याला धरून ठेवायला मुळं उरली नव्हती. कांदा उभा चिरला की वरच्या पाकळ्या पांढऱ्याशुभ्र आणि बुडाची चकती तपकिरी, पाणथळ. काहींच्या बुडाला पांढरी, कापसासारखी वाढ.

कांदा कुजवणारे बरेच आहेत, म्हणून एकेक बाजूला काढले. मोहरीच्या दाण्यासारख्या तपकिरी गोळ्या बुडाशी दिसल्या नाहीत, म्हणजे स्क्लेरोशियम रॉल्फ्साय नाही. मुळं गुलाबी पण चकती टणक, असंही चित्र नव्हतं. ते गुलाबी मुळाच्या रोगात दिसतं. कुजक्या कांद्याला जिवाणूच्या सडीचा तो घाण वास नव्हता. पिळा पडलेली, मान लांबलेली झाडं नव्हती, आणि तो रोग पावसाळी हवेतला. मार्चमध्ये त्याचा संशय घ्यायचं कारणही नव्हतं. उरली फ्युजेरियमची बूडकूज, जिला पुस्तिकांत मूळकूज किंवा मर म्हटलेलं असतं. जमीन २८ अंशांच्या आसपास तापली की ती जोर धरते, आणि नाशिकचा मार्च तिला मानवतो.

मला जास्त बोलकी वाटली ती रोगाची जागा. टोमॅटो कुठे मेला होता, असं विचारल्यावर शेतकऱ्याने रानाच्या खालच्या टोकाकडे हात केला, जिथे पाणी साचतं. कांदा मात्र वरच्या अंगाला मरत होता. खालच्या टोकाला तो हिरवागार उभा होता, अगदी टोमॅटोची मेलेली झाडं उपटली होती तिथेसुद्धा. आणि वरचा आजारी भाग जिथे संपत होता तिथे वाफ्यांच्या आडवी, जवळपास सुतात ओढल्यासारखी रेघ होती. जमिनीतली बुरशी अशा रेघेवर थांबत नाही. रेघ माणसाच्या कामातून येते: पाण्याची पाळी बदलली, खत बदललं, नाहीतर रोप बदललं.

विचारलं. उत्तर सहज आलं: "घरचं रोप तिथवरच पुरलं. खाली विकतचं आहे."

इथेच प्रकरण मिटवता आलं असतं, असं वाटू शकतं. पण शेतकऱ्याच्या हातात छापील कागद होता, आणि माझ्याकडे त्यांच्याच रानातली एक रेघ. कागदाला उत्तर द्यायचं तर एकच नाव दोनदा का आलं ते सांगायला हवं होतं.

नाव एक का येतं

फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम ही एक बुरशी नाही, खूप मोठं कूळ आहे. त्यातले बहुतेक वाण कुणाचंच वाकडं करत नाहीत. मातीत, मुळांच्या अवतीभोवती, मेलेल्या काडीकचऱ्यावर जगतात. जे रोग करतात ते मात्र पिकाच्या बाबतीत फार निवडक असतात. टोमॅटोला मर आणणारा वाण केळीला हात लावत नाही, केळीचा वाण हरभऱ्याला नाही. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र सगळे सारखे: कोयत्यासारखे वाकडे मोठे बीजाणू, आखूड दांड्यांवर गोळ्याने बसलेले लहान बीजाणू, आणि जमिनीत वर्षानुवर्षं टिकणारे जाड भिंतीचे बीजाणू. म्हणून १९४० मध्ये स्नायडर आणि हॅन्सन या दोघांनी दिसण्यावरून भांडणं सोडून दिली, सगळ्यांना एका प्रजातीत घातलं आणि रोग कुठल्या पिकावर होतो त्यावरून पोटनाव द्यायची पद्धत पक्की केली. टोमॅटोचा तो लायकोपर्सिसी, कांद्याचा तो सेपी. अशी पोटनावं आज शंभराच्या वर आहेत. आपल्या प्रयोगशाळा अहवालात पोटनाव बहुधा लिहीत नाहीत, कारण ते बुरशीकडे बघून कळत नाही.

मग ते बुरशीत लिहिलेलं असतं कुठे? याचं उत्तर मार्च २०१० मध्ये 'नेचर' नियतकालिकात आलं. ली-जुन मा आणि त्यांच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय गटाने तीन नातलग बुरशा घेतल्या. गव्हाच्या ओंबीवर रोग आणणारी फ्युजेरियम ग्रॅमिनिएरम, मक्याच्या कणसात आणि ताटात राहणारी फ्युजेरियम व्हर्टिसिलिऑइडिस (येवला-चांदवडच्या मकावाल्यांना हिचा गुलाबी-पांढरा थर ओळखीचा असेल), आणि टोमॅटोची मर आणणारा ऑक्सिस्पोरम. पहिलीचा जनुकसंच सुमारे ३ कोटी ६० लाख डीएनए-अक्षरांचा, दुसरीचा ४ कोटी २० लाखांच्या जवळ, टोमॅटोवाल्याचा मात्र ६ कोटी. मकावाली आणि टोमॅटोवाली इतक्या जवळच्या नात्यातल्या असूनही फरक जवळपास दीडपटीचा. ही जादा मजकुराची भर कुठून आली?

त्यांनी मकावालीची ११ गुणसूत्रं टोमॅटोवाल्याच्या १५ गुणसूत्रांशी लावून पाहिली. ११ गुणसूत्रं ओळीने जुळली. जनुकांचा क्रमसुद्धा बराचसा तसाच. चार गुणसूत्रांना, क्रमांक ३, ६, १४ आणि १५, जोडीदारच सापडला नाही. शिवाय पहिल्या आणि दुसऱ्या गुणसूत्राचे काही तुकडे असेच बेवारस निघाले. सगळं मिळून जनुकसंचाचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग. या भागात रोजच्या जगण्याची जनुकं, म्हणजे अन्न पचवणं, पेशी विभागणं वगैरे, जवळजवळ नाहीत. एका जागेवरून दुसरीकडे उड्या मारणारे डीएनएचे तुकडे मात्र खच्चून भरलेले: संपूर्ण जनुकसंचात ओळखता आलेल्या अशा तुकड्यांपैकी ७४ टक्क्यांहून अधिक याच भागात. आणि झाडात शिरल्यावर बुरशी जी प्रथिनं बाहेर सोडते त्यांची जनुकंही इथेच, विशेषतः १४व्या गुणसूत्रावर.

ती प्रथिनं आधीच हाताला लागलेली होती. ॲमस्टरडॅम विद्यापीठात मार्टाइन रेप यांच्या गटाने मर लागलेल्या टोमॅटोच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांमधला रस काढून त्यात बुरशीची कोणती प्रथिनं सापडतात ते पाहिलं होतं. त्यातलं पहिलं २००४ मध्ये जाहीर झालं, सिक्स-१ ("नळ्यांत सोडलेलं" अशा अर्थाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं). पुढे ही यादी १४ पर्यंत गेली. यांतली काही झाडाची प्रतिकारशक्ती दाबतात, आणि काहींना पाहूनच प्रतिकारक झाड सावध होतं. टोमॅटोच्या संकरित वाणांच्या माहितीपत्रकात फ्युजेरियमच्या पुढे रेसचे, म्हणजे बुरशीच्या उपप्रकारांचे, आकडे दिलेले असतात, तो सगळा खेळ याच प्रथिनांचा: बुरशीने ओळखलं जाणारं एक जनुक टाकून दिलं की झाडाचं एक प्रतिकारक जनुक निकामी, मग पैदासकार दुसरं आणतात, बुरशी आणखी एक बदल करते.

२०१०च्या त्या अभ्यासातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रयोग मात्र वाचनाचा नाही, करून बघण्याचा आहे. त्यांनी टोमॅटोवाला रोगकारक वाण आणि एक निरुपद्रवी वाण एकत्र वाढवले. निरुपद्रवी वाणातल्या काही पेशींनी १४वं गुणसूत्र जसंच्या तसं उचललं, आणि त्या टोमॅटोला मर आणायला लागल्या. तो निरुपद्रवी वाणही साधासुधा नव्हे. एफओ-४७ म्हणून ओळखला जाणारा हा वाण फ्रान्समधल्या शातोरनारच्या अशा जमिनीतून आलेला आहे जिथे मर आपोआप दबून राहते. जैविक नियंत्रणासाठी त्याचं नाव घेतलं जातं.

ट्रॅक्टर तोच, मागे जोडलेलं अवजार बदललं की काम बदलतं, तसं हे आहे. प्रयोगशाळेतला माणूस सूक्ष्मदर्शकातून बघतो किंवा प्रजात ओळखण्यासाठी एखादं कायमचं जनुक वाचतो तेव्हा तो ट्रॅक्टरचा मेक सांगत असतो. दोन्ही अहवालांत तो मेक बरोबर आला होता. रोग ठरतो अवजारावर, आणि त्याचा रकाना अहवालात नव्हता.

कांद्याच्या बाजूने पुरावा

टोमॅटोवर झालेलं काम कांद्याला लागू पडेल असं गृहीत धरणं बरं नाही, म्हणून कांद्यावरचं शोधलं. ब्रिटनमधल्या संशोधकांनी कांद्यातून काढलेले रोगकारक आणि निरुपद्रवी असे दोन्ही प्रकारचे ऑक्सिस्पोरम वाण २०१६ आणि २०१८ मधल्या अभ्यासांत एकमेकांशी ताडून पाहिले. रोगकारक वाणांत सिक्स कुटुंबातली सात जनुकं मिळाली: ३, ५, ७, ९, १०, १२ आणि १४ क्रमांकांची. निरुपद्रवी वाणांत त्यातली बहुतेक नाहीत. जनुकसंच जुळवून पाहिल्यावर चित्र टोमॅटोसारखंच निघालं: मूळ गुणसूत्रं सगळ्यांची जवळपास सारखी, आणि रोगाशी निगडित जनुकं रोगकारकांपुरत्या असलेल्या जादा भागात.

यात एक गोष्ट आमच्या प्रकरणाला थेट भिडणारी होती. मूळ गुणसूत्रांवरून वंशावळ काढली तर कांद्याचे सगळे रोगकारक एका फांदीवर येत नाहीत. वेगवेगळ्या फांद्यांवर विखुरलेले आहेत, मध्ये मध्ये निरुपद्रवी भाऊबंद. म्हणजे नात्यावरून रोगाचा अंदाज बांधता येत नाही. कांद्याचा रोगकारक हा टोमॅटोच्या रोगकारकापेक्षा एखाद्या निरुपद्रवी वाणाच्या जास्त जवळचा असू शकतो. प्रजात ओळखायचं जनुक कितीही काळजीपूर्वक वाचलं तरी हा फरक त्यात येणारच नाही.

दुसरी गोष्ट सावध करणारी. सिक्स-३ आणि सिक्स-५ टोमॅटोवाल्यातही आहेत आणि कांद्यावाल्यातही. सिक्स-१ मात्र टोमॅटोवाल्यात आहे, कांद्याच्या त्या सातांत नाही. कुणी उत्साहाने फक्त सिक्स-३ची पीसीआर (ठरावीक जनुक नमुन्यात आहे का ते शोधणारी चाचणी) केली असती तर दोन्ही नमुन्यांत पट्टा उमटायची शक्यता होती, आणि शेतकऱ्याच्या समजुतीवर आणखी एक छापील शिक्का बसला असता. अशी चाचणी करायची तर जनुकांचा संपूर्ण संच बघावा लागतो, आणि दोन पिकांच्या जनुकांतले बारीक फरक पकडणारे प्रायमर (पीसीआरमध्ये नेमकं जनुक शोधणारे डीएनएचे छोटे तुकडे) लागतात. २०१६ मध्ये नेदरलँड्सच्या गटाने काकडी, खरबूज, कलिंगड आणि टोमॅटोच्या वाणांवर हेच दाखवलं होतं: एकेकट्या जनुकावरून पीक ओळखू येत नाही, पूर्ण संचावरून येतं.

कांदा आणि रोप यांनाच विचारलं

रेणवीय चाचणीपेक्षा मला अगदी जुनी चाचणी योग्य वाटली. बुरशीत रोगाचं अवजार आहे का हे झाडाइतकं खात्रीने कुणी सांगत नाही.

बुरशी तीन ठिकाणांहून वेगळ्या केल्या: रोगट कांद्याच्या चकतीतून, बांधावर टाकलेल्या टोमॅटोच्या बुंध्यांतल्या तपकिरी झालेल्या नळ्यांतून, आणि खालच्या अंगाच्या निरोगी कांद्याच्या मुळांतून. नंतर वरच्या अंगाला हिरवी उभी असलेली काही झाडंही घेतली. सगळ्यांकडून ऑक्सिस्पोरमच मिळाला, निरोगी मुळांतूनसुद्धा. हे शेतकऱ्याला दाखवलं तेव्हा ते जरा गप्प झाले; त्यांच्या डोक्यात फ्युजेरियम म्हणजे विष असं बसलेलं होतं आणि इथे तो चांगल्या कांद्याच्या मुळात सुखाने नांदत होता. ताटलीतल्या बुरशीत जाड भिंतीचे बीजाणू मिळाले आणि लहान बीजाणू माळेत नव्हते, म्हणून कांद्यावर येणारी दुसरी नातलग, प्रोलिफेरॅटम, बाजूला काढता आली.

मग बाजारातून निवडून आणलेले टणक कांदे घेतले. वरचं सालपट काढून स्पिरिटने पुसले, चकतीला बारीक ओरखडा काढून तिथे बुरशीचा तुकडा ठेवला, काहींना नुसता कोरा माध्यमाचा तुकडा, आणि ओलसर डब्यांत उबदार जागी ठेवून दिले. टोमॅटोच्या बाजूने प्रतिकारशक्ती नसलेल्या वाणाची रोपं उपटून, मुळांची टोकं छाटून, बीजाणूंच्या पाण्यात बुडवून परत लावली. एकच कांदा कुजला म्हणून काही सिद्ध होत नाही. प्रत्येक बुरशीला पुरेसे कांदे आणि पुरेशी रोपं द्यावी लागतात, कोरे डबे तितक्याच काळजीने उघडावे लागतात.

रोगट चकतीतल्या बुरशीने कांदे बुडापासून आतपर्यंत कुजवले, टोमॅटोच्या रोपांना काही केलं नाही. टोमॅटोच्या बुंध्यातल्या बुरशीने रोपं सुकवली, खोड चिरल्यावर नळ्यांत तपकिरी रेघ दिसली. कांद्यावर मात्र ओरखड्यापुरता डाग पडून तो तिथेच सुकला. खालच्या अंगाच्या निरोगी मुळांतल्या बुरशीने ना कांदा कुजवला ना टोमॅटो सुकवला. एक निकाल अपेक्षेबाहेरचा होता: वरच्या अंगाला हिरव्या दिसणाऱ्या झाडांपैकी काहींच्या मुळांतली बुरशी कांदा कुजवणारी निघाली. म्हणजे तिथे रोग दिसत होता त्याहून पुढे गेलेला होता, आणि ते कांदे काढणीला चांगले दिसून चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, गेल्यावर सडले असते. बूडकुजीचं मोठं नुकसान असंच होतं. मार्च-एप्रिलमध्ये रानात थोडं, आणि ज्या भावासाठी कांदा साठवायचा त्या ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत चाळीत जास्त.

तेव्हा टोमॅटो निर्दोष. दोन रोग, दोन बुरशा, एक रान, आणि दोघी शेजारी राहूनही एकमेकींच्या पिकाला न शिवणाऱ्या.

उकिरडा

राहिलं घरचं रोप. ते कुठे टाकलं होतं हे बघायला गेलो तर गादीवाफे चाळीच्या मागे, उकिरड्याला लागून. आदल्या पावसाळ्यात चाळीतून निघालेला सडका कांदा उकिरड्यावर गेला होता, खतात कालवला गेला होता, आणि ऑक्टोबरात उळं (कांद्याचं बी) टाकण्यापूर्वी तेच खत वाफ्यांवर पसरलं होतं. नाशिक जिल्ह्यात ही गोष्ट इतकी सर्रास आहे की कुणाला तिचं काही वाटत नाही. सडका कांदा टाकायचा कुठे, हा खराच प्रश्न आहे. रस्त्याकडेला टाकला तर गावभर घाण, नाल्यात टाकला तर आणखी वाईट.

ढीग नीट तापला असता, वरखाली झाला असता, तर बुरशी मेली असती. हा ढीग नुसता साठवलेला होता, कडांना गार. त्यातून वाळलेल्या कांद्याच्या चकत्या निवडून त्यांच्यावरची बुरशी काढली. तिने कांदे कुजवले.

इथे मी शेतकऱ्याला जे सांगितलं ते जपून सांगितलं. ढिगातली बुरशी कांदा कुजवू शकते आणि रानातलीही कुजवू शकते, एवढं दिसलं. रेघेमुळे रोपाचा मार्ग सगळ्यात सयुक्तिक ठरतो. पण ढिगातलीच बुरशी रानात गेली हे कांद्याच्या चाचणीने सिद्ध होत नाही. ते सिद्ध करायला मात्र जनुकसंचच लागतो: ढीग, वाफा आणि रान तिन्हीकडचे वाण घेऊन मूळ गुणसूत्रांतली अक्षरं एकेक ताडायची. तिन्ही ठिकाणी जवळपास शून्य फरक आला तर एकाच वाणाचा प्रवास. फरक हजारोंनी आला तर वेगवेगळ्या बुरशा, ज्यांच्याकडे योगायोगाने तेच अवजार आहे. त्यातही जादा गुणसूत्रं वाचायची तर लांब तुकडे वाचणारं तंत्र लागतं. उड्या मारणाऱ्या तुकड्यांच्या पुनरावृत्तीमुळे आखूड तुकड्यांतून जुळवलेला जनुकसंच नेमका तिथेच फुटतो, म्हणजे आपल्याला हवा तोच भाग विस्कळीत येतो.

या शेतकऱ्यासाठी हा खर्च करण्यात अर्थ नव्हता. ढीग दोषी धरून वागलं तरी त्यात तोटा काही नव्हता. पण निफाड, येवला, चांदवड, सिन्नर अशा चार ठिकाणचे वाण एकत्र वाचले गेले तर कांदा पैदास करणाऱ्यांना कोणत्या जनुकसंचाविरुद्ध प्रतिकारक्षमता तपासायची ते नेमकं कळेल. पिंपळगाव बसवंतचं कांदा संशोधन केंद्र आणि चितेगाव फाट्याचं राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठान दोन्ही याच जिल्ह्यात आहेत, राजगुरूनगरचं कांदा-लसूण संशोधन संचालनालयही लांब नाही. वाण गोळा करायला याहून सोयीची जागा देशात नसावी.

एक प्रश्न शेतकऱ्यानेच विचारला, आणि तो फार चांगला होता. "मग टोमॅटोच्या बुरशीला कांद्याचं ते जादाचं मिळालं तर?" प्रयोगशाळेत असं होतं हे मी त्यांना सांगितलेलं होतं, त्यामुळे टाळता आलं नाही. कांद्याचे रोगकारक वंशावळीच्या वेगवेगळ्या फांद्यांवर बसलेले दिसतात, त्याचा अर्थ असाच लावला जातो की उत्क्रांतीच्या लांब पल्ल्यात हे घडलेलं आहे. प्रयोगशाळेत मात्र दोन वाण मुद्दाम एकत्र वाढवून, लाखो बीजाणूंतून निवडक पेशी औषध घालून वेचून काढल्या तेव्हा ते दिसलं. एका हंगामात एका रानात त्याची धास्ती घेण्यापेक्षा, तयार अवजारासकट बुरशी रोपाच्या मुळांवरून, खतातून आणि पाण्यातून आपण स्वतःच पोचवतो, ते थांबवणं शंभरपट फायद्याचं. माझं मत विचाराल तर निरुपद्रवी फ्युजेरियम जैविक खत म्हणून रानात सोडण्याबाबत मात्र मी हात आखडता घेईन. एफओ-४७ची गोष्ट वाचल्यावर तरी.

पुढे काय केलं

उभ्या पिकातली आळवणी थांबवली. चकतीच्या आत गेलेल्या बुरशीपर्यंत ते औषध पोचत नाही, पैसे तेवढे पोचतात दुकानदारापर्यंत. वरच्या अंगाचा कांदा वेगळा काढला, चाळीत घातलाच नाही, काढणीनंतर सुकवून लगेच लासलगावला नेला. भाव कमी मिळाला, पण चाळीत सडून खाद (खराब, मातीमोल भावाचा माल) म्हणून जाण्यापेक्षा बरा. खालच्या अंगाचा कांदा पात नीट वाळवून, बुडाला विळ्याची जखम झालेले कांदे बाजूला काढून, चाळीत गेला.

गादीवाफ्यांची जागा बदलली. नव्या जागेवर मे महिन्यात जमीन भिजवून पातळ पारदर्शक प्लास्टिक अंथरलं आणि कडा मातीने दाबल्या. नाशिकचं ऊन फुकट आहे, त्याचा उपयोग करून घ्यावा. रोप लागणीपूर्वी बुडवायचं औषध आणि वाफ्यात ट्रायकोडर्मा या नेहमीच्या शिफारशी पाळल्या. सडका कांदा आता खतात जात नाही, खड्ड्यात चुना टाकून पुरला जातो. हे सगळं कृषी पुस्तिकांत आधीपासून लिहिलेलं आहे, मी त्यात काही भर घातली नाही.

टोमॅटो राहिला. खालच्या टोकाला पाण्याचा निचरा काढला आणि मर सोसणारा संकरित वाण निवडला. वरच्या अंगात काही वर्षं कांदा नाही, लसूणही नाही. जाड भिंतीचे बीजाणू तिथे वाट बघत बसणार, त्यामुळे एका हंगामाच्या फेरपालटाने भागत नाही. तिथे मका आणि टोमॅटो आळीपाळीने घ्यायचं ठरलं. "टोमॅटो बंद" म्हणणाऱ्या माणसाने शेवटी टोमॅटोचंच क्षेत्र वाढवलं.

मिटलेलं नाही ते बांधाचं. वरच्या अंगाचं पावसाचं पाणी उतरतं ते खालच्या धाकट्या भावाच्या रानात, आणि तिथे दरवर्षी रांगडा कांदा असतो. चर काढून पाणी ओढ्याकडे वळवायचं तर चर कुणाच्या हद्दीत, यावर पावसाळ्यापूर्वी दोनदा बैठक झाली. चर निम्मा खोदलेला आहे.